लष्करी रुग्णालयांतलं जुन्या काळचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात (१८५४-५६) ब्रिटिश सैन्याचे सुमारे २१,००० लोक मेले. त्यांतले १६,००० च्या आसपास रोगानं गेले, गोळीनं किंवा तलवारीनं नाही. हा आकडा वाचल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो असा की खाटेवर पडलेल्या त्या माणसांना खायला काय मिळत होतं? मी आहारतज्ज्ञ आहे. वॉर्डातून परत आलेली ताटं बघायची मला सवय आहे, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा. लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

रुग्णानं काय खायचं हे कोण ठरवायचं?

डॉक्टर. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात डॉक्टर फेरीला आले की प्रत्येक खाटेपाशी त्या रुग्णाचा आहार सांगत आणि तो तक्त्यात लिहून घेतला जाई. प्रकार ठरलेले होते: पूर्ण आहार, अर्धा आहार, हलका आहार आणि चमच्यानं भरवायचा पातळ आहार. पूर्ण आहारात मांस, पाव, बटाटे, चहा. अर्ध्यात तेच, पण कमी. पातळ आहारात चहा-पाव आणि पेजेसारखं काहीतरी. याशिवाय अंडी, आरारूट, सागो, कोंबडीचं सूप, पोर्ट वाइन या 'वाढीव' वस्तू, पण त्यांना डॉक्टरची वेगळी सही लागे. सगळ्या वॉर्डांची बेरीज होऊन मागणी कोठीत जाई. कोठीचा अधिकारी, म्हणजे पर्व्हेयर, माल मोजून देई.

कागदावर यात खोट काढता येत नाही. आजही मोठ्या रुग्णालयांत आहार याच वाटेनं ठरतो.

सैनिकाचा शिधा आणि रुग्णाचा आहार वेगळा होता का?

हो, आणि त्यात पैशाचाही हिशेब होता. ब्रिटिश सैनिक रुग्णालयात दाखल झाला की त्याच्या रोजच्या पगारातून जेवणाखाणाचे पैसे कापले जात. क्रिमियाच्या युद्धात सुरुवातीला जखमी माणसापेक्षा आजारी माणसाची कपात जास्त होती. खंदकात हगवण लागून पडलेला माणूस गोळी लागलेल्यापेक्षा जास्त पैसे भरत होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं हा अन्याय वरपर्यंत नेला आणि १८५५ मध्ये दोघांची कपात सारखी झाली.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेकडच्या सैन्यानं याहून शहाणी सोय ठेवली होती. आजारी माणूस पुरा शिधा खात नाही. जो शिधा उचललाच नाही, त्याची किंमत रुग्णालयाच्या निधीत जमा व्हायची आणि त्या पैशातून दूध, लोणी, अंडी, भाजी बाजारातून आणता यायची. म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचं मोल दुधाच्या रूपानं त्याच रुग्णाकडे परत येई. निधी कोण सांभाळतो यावर सगळं अवलंबून होतं, हे खरं. पण कल्पना नामी होती.

स्कुटारीच्या रुग्णालयात नेमकं काय बिघडलं होतं?

स्कुटारी म्हणजे इस्तंबूलच्या समोरच्या काठावरचं आजचं उस्कुदार. तिथली तुर्की सैन्याची प्रचंड बराक ब्रिटिशांनी रुग्णालय म्हणून घेतली होती. आडात होतं, पण पोहऱ्यात येत नव्हतं, अशी तिथली अवस्था. मांस यायचं, पाव यायचा, कोठीतून मोजून मिळायचाही. पुढे काय व्हायचं ते नीट पाहण्यासारखं आहे.

प्रत्येक वॉर्डचा ऑर्डर्ली, म्हणजे रुग्णांच्या सेवेला नेमलेला शिपाई, सकाळी रांगेत उभा राहून आपल्या रुग्णांचं मांस एकत्र घ्यायचा. हे वजन हाडांसकट असायचं. नंतर वाटे पाडताना एकाच्या वाट्याला लुसलुशीत तुकडा यायचा, तर दुसऱ्याच्या वाट्याला निव्वळ हाड आणि शीर. कागदावर दोघांनाही पूर्ण आहार मिळालेला असायचा!

मुदपाकखान्यात तेरा मोठ्या तुर्की डेगा होत्या. सगळ्या वॉर्डांचं मांस त्यांतच उकळायचं. मग आपला गठ्ठा ओळखायचा कसा? ऑर्डर्ली त्याला काहीतरी खूण बांधायचे: लाल चिंधी, गणवेशाची बटणं, खिळा, एखादी जुनी कात्री. त्या खुणांसकट मांस डेगेत पडायचं. पाण्याला उकळी आली आहे की नाही, हे कोणी बघत नसे. गठ्ठे इतके आवळून बांधलेले असत की बाहेरून शिजलं तरी आत कच्चंच राहायचं. ऑर्डर्लीला वाटेल तेव्हा तो आपला गठ्ठा काढून न्यायचा आणि वॉर्डात नेऊन, बऱ्याचदा स्वतःच्या खाटेवरच ठेवून, कापायचा. शेवटच्या रुग्णापर्यंत ताट जाईतो मांस थंडगार. दुपारचं जेवण वाढायला तीन-चार तास लागत. ज्या पाण्यात एवढं मांस उकळलं, ते फेकून द्यायचे. आणि त्याच डेगांत नंतर चहा व्हायचा.

आमांशानं आतडी सोललेल्या माणसापुढे हे ताट आलं तर तो काय करील? तोंड फिरवील. तक्त्यात मात्र 'पूर्ण आहार दिला' अशीच नोंद होई.

नाइटिंगेलनं जेवणात काय बदल केले?

४ नोव्हेंबर १८५४ ला ती ३८ परिचारिकांना घेऊन तिथे पोचली. डॉक्टरांचा त्या सगळ्या प्रकाराला विरोध होता, म्हणून सुरुवातीला वॉर्डात हात घालता येईना. स्वयंपाकघरात मात्र कोणी अडवलं नाही. बरोबर आणलेल्या आणि बाजारातून विकत घेतलेल्या सामानातून तिनं पथ्याच्या जेवणासाठी छोट्या वेगळ्या चुली सुरू केल्या. आरारूट, सूप, जेली, पातळ पेज. जे रुग्ण डेगेतलं मांस गिळूच शकत नव्हते, त्यांच्यासाठी. डॉक्टरची सही असल्याशिवाय तिथून काही बाहेर जात नसे. हा नियम तिनं स्वतःहून कडक पाळला.

मला तिचं मोठेपण वाटतं ते पुढच्या लिखाणात. परिचर्येवरच्या तिच्या १८५९ च्या पुस्तकात खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. सुबत्ता असूनही हजारो रुग्ण उपाशी राहतात, कारण ते कसे आणि केव्हा खाऊ शकतील याकडे कोणी लक्ष देत नाही, हे तिनं स्पष्ट लिहिलं आहे. फार अशक्त माणसाला सकाळी घास घेववत नाही. त्याला अकराच्या आधी घट्ट काही देऊ नका, तासातासानं चमचाभर द्या. न खाल्लेलं ताट 'खाईल नंतर' म्हणून उशाशी ठेवू नका. त्या ताटाकडे बघून बघून उरलीसुरली इच्छाही मरते. हे ज्यानं रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं आहे, त्यालाच सुचतं.

मग जेवण सुधारल्यामुळे मृत्यू कमी झाले का?

एकट्या जेवणानं नाही. स्कुटारीत फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवर होतं आणि जूनपर्यंत ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्यानं इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ केली, पाण्याची वाट नीट केली, खिडक्या उघडल्या. मोठा वाटा त्याचा. शिवाय हिवाळा सरला आणि आघाडीवरून येणाऱ्या रुग्णांची दशाही सुधारली. चांगलं अन्न मिळालेला माणूस रोगाशी जास्त झगडू शकतो, पण सांडपाण्यात उभ्या असलेल्या इमारतीला सूप वाचवू शकत नाही.

अलेक्सिस सोयेर कोण होता?

लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित आचारी, जन्मानं फ्रेंच. आयर्लंडच्या दुष्काळात १८४७ मध्ये डब्लिनला जाऊन त्यानं सूपचं मोठं अन्नछत्र उभारलं होतं. १८५५ च्या वसंतात तो आपणहून स्कुटारीला पोचला.

त्यानं मालात काही वाढ केली नाही. तेच मांस, तीच डेग. गठ्ठे सैल बांधायला लावले, आधी पाण्याला उकळी आणवली, आणि फेकलं जाणारं पाणी थांबवलं. त्या पाण्यावरची चरबी काढून घेतली की ती वापरता येते आणि खाली राहतं ते सूपच, एवढं साधं गणित होतं. प्रत्येक पदार्थाचं प्रमाण लिहून त्यानं सैनिकांच्या हाती दिलं, म्हणजे आज एक आचारी आणि उद्या दुसरा आला तरी चव तीच राहील. चहासाठी गाळणी बसवलेली मोठी किटली केली. सगळ्यात टिकलेली गोष्ट म्हणजे त्याची बंद शेगडी. सरपण थोडं खाणारी आणि वाऱ्यापावसातही पेटती राहणारी. थोडेफार बदल होत ती ब्रिटिश सैन्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरात होती. सोयेर मात्र १८५८ मध्येच गेला.

अन्न बंदरात पडून राहिलं, असं खरंच झालं होतं?

झालं होतं. डिसेंबर १८५४ मध्ये लिंबाच्या रसाचा २०,००० पौंड वजनाचा साठा क्रिमियातल्या बालाक्लावाच्या बंदरात आला. सैन्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग, पसरलेली होती. रोजच्या शिध्याच्या यादीत लिंबाचा रस नव्हता, म्हणून तो वाटायचा हुकूम निघेना. वाटप सुरू झालं ते फेब्रुवारीत. त्याच हिवाळ्यात सैनिकांना कॉफीचे हिरवे, न भाजलेले दाणे मिळत होते, आणि भाजायला सरपण नव्हतं. हिरड्या सुजलेल्या माणसाच्या हातात कच्चे कॉफीचे दाणे! हीच माणसं पुढे जहाजातून स्कुटारीला येत. रुग्णालयातल्या जेवणाची गोष्ट म्हणून बंदरापासूनच सुरू करावी लागते.

तापाच्या रुग्णाला उपाशी ठेवत, हे खरं आहे का?

बराच काळ खरं होतं. लंघनाची कल्पना आपल्याला परकी नाही, पण ती एक-दोन वेळांची. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा अतिरेक झाला. पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयातले डॉक्टर फ्रांस्वा ब्रुसे यांचं मत असं की बहुतेक रोगांचं मूळ पोटा-आतड्याच्या दाहात आहे. मग उपाय काय, तर जळवा लावा आणि खाणं तोडा. हे डॉक्टर नेपोलियनच्या सैन्यात राहिलेले, त्यामुळे शब्दाला वजन. आधीच कदान्नावर जगलेल्या सैनिकाचं रक्त काढायचं आणि वर त्याला पाण्यावर ठेवायचं, यात किती जण केवळ अशक्तपणानं गेले असतील, या विचारानं आजही जीव कळवळतो.

डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी उलट सांगितलं: मुदतीच्या तापातही रुग्णाला खायला घाला. 'यानं तापाला जेवू घातलं' एवढंच आपल्या थडग्यावर लिहा, असं ते म्हणत.

बीफ टीनं ताकद यायची का?

मांस मंद आचेवर उकळून गाळलेलं हे पाणी. त्या काळच्या पथ्यात त्याला मानाची जागा होती. चव असते, ऊब असते, थोडी भूक चाळवते. पोषण फारच थोडं, कारण मांसातलं बहुतेक सत्त्व गाळणीत राहिलेल्या चोथ्यात असतं. नाइटिंगेलनं हे ओळखलं होतं. बीफ टी आटवून पाहा, खाली किती कमी उरतं ते दिसेल, असं तिनं लिहिलं आहे. जेलीबद्दलही तिचं मत तसंच होतं, आणि दुधाला मात्र ती फार मानायची.

रुग्णांना दारू का देत?

उत्तेजक औषध म्हणून. ब्रँडी, पोर्ट, व्हिस्की आहाराच्या तक्त्यातच असत, म्हणून चोरीही त्यांचीच जास्त. अमेरिकेच्या यादवी युद्धात रिचमंडच्या चिम्बोराझो रुग्णालयात फीबी येट्स पेम्बर या मेट्रन होत्या. व्हिस्कीचं पिंप आपल्या ताब्यात ठेवण्यासाठी त्यांना कर्मचाऱ्यांशी कायम झगडावं लागलं.

या चिम्बोराझोची स्वतःची पावाची भट्टी, बिअर तयार करायची जागा, बर्फाची कोठारं, गाई आणि बकऱ्या होत्या. दक्षिणेची नाकेबंदी झाल्यावर भाव आकाशाला भिडले, तेव्हा या बेगमीचा तिथल्या रुग्णांना मोठाच आधार झाला असणार.

लढाईच्या मैदानावर काही शिजवता यायचं का?

१८०९ च्या मे महिन्यात एस्लिंगच्या लढाईनंतर फ्रेंचांचे हजारो जखमी डॅन्यूब नदीतल्या लोबाऊ बेटावर अडकले. नेपोलियनचे शस्त्रवैद्य डोमिनिक लारे यांनी मेलेल्या घोड्यांचं मांस घेतलं, घोडेस्वारांची लोखंडी छातीकवचं उलटी करून त्यांची पातेली केली, आणि मीठ नव्हतं म्हणून सूपमध्ये बंदुकीची दारू टाकली. बारुदीतला सोरा खारट लागतो, म्हणून.

लिंबाचा गुण आधीच माहीत होता, मग स्कर्व्ही एवढी वर्षं का टिकली?

जेम्स लिंड यांनी मे १७४७ मध्ये 'सॉल्सबरी' जहाजावर स्कर्व्हीचे बारा रुग्ण घेऊन दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात हीच जोडी सगळ्यांत आधी सुधारली. लिंड पुढे हॅस्लरच्या आरमारी रुग्णालयाचे प्रमुख झाले. तरीही ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला १७९५ साल उजाडलं.

नंतर आणखी एक घोळ झाला. भूमध्यसागरी पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची छोटी हिरवी लिंबं वापरात आली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धात दाखवून दिलं की या लिंबाच्या रसात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती पिवळ्या लिंबाच्या जेमतेम पाव हिश्श्याइतकी आहे.

कूटच्या वेढ्यात भारतीय सैनिकांचं काय झालं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ब्रिटिश-भारतीय फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. ही सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आपल्या गावांतली माणसं.

शिधा दोन तऱ्हेचा होता. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस. भारतीयांना कणीक, डाळ, तूप. साठा संपत आला तसे घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. भारतीय सैनिकांपैकी बहुतेकांनी नकार दिला. धर्म हे कारण होतंच, आणि घरी परतल्यावर जातभाई काय म्हणतील ही धास्तीही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप आले तरी मनं वळायला एप्रिल उजाडला. तोवर अंगातली ताकद संपलेली.

याचा परिणाम वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, दोन वेगळे रोग आले. भारतीयांना स्कर्व्ही झाली, कारण ताजं मांस नाही, भाजी नाही. गोऱ्यांना बेरीबेरी, म्हणजे पाय लुळे पाडणारा रोग, झाली, कारण मैद्यात कोंडा नाही आणि कोंड्यातलं ब जीवनसत्त्व नाही. पुढे मैदा संपला. मग नाइलाजानं गोऱ्यांनाही कणीक आणि जवाचं पीठ मिळू लागलं, आणि त्यांची बेरीबेरी हटली. जे पीठ हलकं म्हणून 'नेटिव्हां'ना दिलं जात होतं, त्याच पिठानं त्यांचे पाय वाचवले. शरणागतीच्या दिवशी सुमारे १३,००० माणसं कैद झाली.

मग मेसोपोटेमियातली स्कर्व्ही थांबवली कशी?

भाज्या पिकवून, पुरवठा सुधारून, आणि एका अगदी घरगुती उपायानं. कोरड्या डाळीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. पण अख्खं कडधान्य चोवीस तास भिजवून, मग दोन दिवस ओलसर ठेवून मोड आणले, की ते तयार होतं. चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांती हाच सल्ला सैन्याला दिला. वाळवंटात लिंबू पोचवणं अवघड, पण कडधान्य, पाणी आणि ओलं फडकं कुठेही जमतं. एकच अट: फार वेळ शिजवायचं नाही. ज्या माणसांच्या घरी मटकी फडक्यात बांधून ठेवायची रीत होती, त्यांच्याच हिरड्यांतून रक्त येत होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

बेरीबेरीच्या रुग्णांसाठी तिथे मार्माइट हे यीस्टचं सत्त्व वापरलं गेलं.

जपानी सैन्यातही बेरीबेरीचा प्रश्न होता ना?

फार मोठा. जपानी आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये एका प्रशिक्षण जहाजावर पांढऱ्या भाताऐवजी मांस, दूध, पाव असा मिश्र आहार दिला आणि बेरीबेरीनं एकही मृत्यू झाला नाही. आदल्या वर्षी तशाच सफरीत २५ जण मेले होते. आरमार सुधारलं. भूदलाच्या डॉक्टरांनी मात्र हा रोग जंतूंचा मानून पांढरा भात चालूच ठेवला, आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात बेरीबेरीनं हजारो सैनिक गेले. पांढरा भात हा गरीब घरच्या पोरांना सैन्याचा मोठा मान वाटायचा, म्हणूनही तो सोडवेना.

धर्म आणि जात सांभाळून रुग्णालय चालवता आलं का?

इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये आलं. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी १९१४ च्या डिसेंबरात तिथल्या राजवाड्याचं, रॉयल पॅव्हिलियनचं, रुग्णालय झालं. नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदूंचं मांस वेगळं, मुसलमानांचं वेगळं, शाकाहाऱ्यांची चूल वेगळी, आणि शिजवणारे त्या त्या समाजाचे. पिण्याच्या पाण्याचे नळही हिंदू-मुसलमानांसाठी निराळे. सरकारचा हेतू राजकीय होता, यात शंका नाही. हिंदुस्थानात असंतोष पसरू नये म्हणून या रुग्णालयाची छायाचित्रं मुद्दाम वाटली गेली. पण तोफांच्या माऱ्यातून आलेल्या माणसाला परमुलखात ओळखीच्या हातची भाकरी-डाळ मिळाली, आणि ती त्यानं निःशंक मनानं खाल्ली. आहाराचा तक्ता लिहिणारी म्हणून मला ही फार मोठी गोष्ट वाटते. कूटमध्ये वर्ष-दीड वर्षातच उलटं घडलं: अन्न समोर होतं आणि खाता येत नव्हतं.

युद्धकैद्यांच्या रुग्णालयांत काय करत?

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या ताब्यातल्या छावण्यांमध्ये रुग्णांचा शिधा बरेचदा कमीच केला जाई, कारण आजारी माणूस काम करत नाही. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवरच्या छावण्यांत अधिकाऱ्यांच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून गावकऱ्यांकडून बदकांची अंडी घेत. सिंगापूरच्या कैद्यांनी गवत ठेचून त्याचा रस काढला, त्यातल्या ब जीवनसत्त्वासाठी. तो कडवट, हिरवा रस आजारी माणसांना मोजून पाजत. अंडी सगळ्यांना पुरत नसत. ती कोणाला द्यायची, हे रोज सकाळी डॉक्टर खाटांमधून हिंडत ठरवत.